गॅसचा पाइप कुणाचा आणि गॅस कुणाचा? हिंगण्यातून एक प्रश्न

भट्टीवाला_हिंगणा

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत माझं हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट आहे, बावीस वर्षं झाली. दोन भट्ट्या एलपीजीवर चालतात. दिवसाला साधारण ५०० किलो लागतो. आता पाइपचा गॅस येतोय, म्हणून एका कंपनीच्या माणसानं कराराचा मसुदा आणून दिला. एकोणतीस पानं आहेत, तीन रात्री वाचतोय.

एक कलम घशाखाली उतरत नाही. दिवसाला ६०० घनमीटर असं प्रमाण ठरवलं, की महिन्याच्या हिशेबात त्यातल्या ९० टक्के गॅसचे पैसे भरायचेच. उचलला तरी आणि नाही उचलला तरी. याला ते ‘टेक ऑर पे’ म्हणतात. माझे निम्मे कामगार गोंदिया-बालाघाटकडचे आहेत, दिवाळीला आठ-दहा दिवस गावी जातात. मार्चनंतर ऑर्डरी थंडावतात. एलपीजीचं बरं होतं, टाकी रिकामी झाली की टँकर मागवायचा.

मी त्याला विचारलं, दोन वर्षांनी दुसरा कुणी स्वस्त द्यायला तयार झाला तर याच पाइपातून त्याचा गॅस घेता येईल का? तो म्हणाला, “साहेब, पाइप आमचा आहे.”

पाइप ज्याचा, गॅसही त्याचाच, असं जगभर असतं का? आणि नसेल, तर आधी एकत्र असलेल्या कंपन्यांनी स्वतःला वेगळं कसं केलं? मला खरंच समजून घ्यायचं आहे. सही पुढच्या महिन्यात करायची आहे.

---

कोराडीचे_काका

भाऊ, गॅसातलं मला कळत नाही, पण वेगळं होणं मी आतून पाहिलं आहे. २००३ चा वीज कायदा आला आणि ६ जून २००५ ला आपल्या राज्य वीज मंडळाचे, म्हणजे एमएसईबीचे तुकडे झाले. महानिर्मिती, महापारेषण, महावितरण, आणि वर एक सूत्रधारी कंपनी. मी तेव्हा कोराडीच्या वीज केंद्रात होतो. क्वार्टर तेच, कँटीन तेच, शिफ्टचा भोंगा तोच. पत्रावरचं नाव तेवढं बदललं.

पहिलं वर्षभर आम्हाला वाटून राहिलं होतं की हा कागदी खेळ आहे. मग हळूहळू फरक दिसायला लागला. आधी एक टन कोळसा जास्त जळला तर तो खर्च बोर्डाच्या मोठ्या पोटात कुठंतरी जिरायचा, कोणी विचारत नव्हतं. २००५ नंतर आम्ही वीज ‘विकायला’ लागलो आणि महावितरण ‘घ्यायला’ लागलं. एका युनिटला किती कोळसा लागला याचा जाब वीज नियामक आयोगापुढे द्यावा लागला. साहेब लोकांच्या बैठकीत पहिल्यांदा आमच्या जळणाचे आकडे फिरले. मला तो बदल चांगला वाटला, आजही वाटतो.

पण एक गोष्ट सांगतो. वाटणीच्या वेळी सगळ्यात जास्त भांडण यंत्रांवरून झालं नाही. जुनी कर्जं आणि जुने करार कोणाच्या नावावर जाणार, यावरून झालं. घर वाटताना भांडी लवकर वाटली जातात, सावकाराचं देणं नाही.

---

अनुराधा_प्रतापनगर

मला स्वयंपाकघरापुरतंच विचारायचं आहे. आमच्या सोसायटीत पाइप टाकायचं चाललंय. आम्हालाही असा करार असतो का?

---

जमाखर्च

अनुराधाताई, घरगुती ग्राहकाला असं कलम नसतं. मीटर फिरेल तेवढं बिल, शिवाय सुरुवातीची अनामत. देशात निघणारा स्वस्त गॅस आधी घरगुती जोडण्यांना आणि सीएनजीला द्यायचा, असं सरकारचं धोरण आहे. एप्रिल २०२३ पासून त्याचा भाव भारतात येणाऱ्या कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या १० टक्के असा बांधला. सुरुवातीला त्याला एमएमबीटीयू या उष्णतेच्या मापामागे खालून ४ डॉलर आणि वरून साडेसहा डॉलरची मर्यादा होती. कारखान्यांच्या वाट्याला बहुतेक जहाजातून आलेला द्रवरूप गॅस येतो. त्याचा भाव जगाच्या बाजारावर हलतो. भट्टीवाले भाऊंच्या ९० टक्क्यांचं मूळ तिथंच आहे.

मी सव्वीस वर्षं गॅस वाहतुकीच्या धंद्यात हिशेब सांभाळले, आता त्रिमूर्तीनगरात निवांत आहे. विचारलंच आहे तर जरा लांबून सांगतो, कारण हा ‘टेक ऑर पे’ कुठून आला ते कळल्याशिवाय बाकीचं कळत नाही.

अमेरिकेत पाइपलाइन कंपन्या पूर्वी व्यापारीच होत्या. विहिरीवर गॅस विकत घ्यायचा, आपल्या पाइपातून न्यायचा, शहरातल्या वितरण कंपनीला विकायचा. वाहतूक आणि माल एकाच बिलात. १९३८ च्या कायद्यानं पाइपलाइनच्या दरांवर सरकारी नजर आली. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं फिलिप्स पेट्रोलियमच्या खटल्यात निकाल दिला आणि विहिरीवरचा भावही सरकारच्या हाती गेला. भाव इतका खाली धरला की नवी विहीर खोदणं परवडेना. १९७६-७७ च्या हिवाळ्यात गॅसअभावी शाळा आणि कारखाने बंद पडले.

त्या हिवाळ्याची भीती कंपन्यांच्या मनात बसली. १९७८ च्या कायद्यानं नव्या गॅसला चढा भाव मिळायची वाट मोकळी झाली, तेव्हा पाइपलाइनवाल्यांनी विहीरमालकांशी वीस-वीस वर्षांचे करार केले: आम्ही एवढा घेऊच, नाही घेतला तरी पैसे देऊ. टंचाईच्या काळात ते शहाणपणाचंच होतं. पण १९८० नंतर मंदी आली, महाग गॅस घ्यायला गिऱ्हाईक मागे सरलं, आणि १९८६ ला तेलही कोसळलं. बाजारात स्वस्त गॅस भरपूर, आणि पाइपलाइन कंपन्या मात्र महाग करारांनी बांधलेल्या.

त्यातच १९८५ साली तिथल्या केंद्रीय ऊर्जा नियामकानं (FERC, म्हणजे ‘फर्क’नं) आदेश क्रमांक ४३६ काढला. जी पाइपलाइन दुसऱ्याचा गॅस वाहून नेईल तिनं सगळ्यांना सारखी वागणूक द्यायची. सक्ती नव्हती, पण मोठ्या कंपन्या एकेक करून त्यात आल्या. शहरातल्या वितरण कंपन्यांनी लगेच विहिरीवरून थेट गॅस घ्यायला सुरुवात केली. पाइपलाइनला भाडं मिळत राहिलं, पण तिचा स्वतःचा महाग गॅस पडून राहिला. त्या ओझ्याखाली कोलंबिया गॅस सिस्टिमसारख्या मोठ्या कंपनीनं जुलै १९९१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिची पाइपलाइन धडधाकट होती. बुडवलं ते जुन्या खरेदी करारांनी.

१९९२ ला आदेश ६३६ आला. पाइपलाइननं विक्री आणि वाहतूक पूर्ण वेगळी करायची, साठवणुकीचा दरही सुटा सांगायचा. कंपन्यांच्या रचनेत त्यामुळे काय झालं, ते आम्ही हिशेबवाले फार बारकाईनं पाहायचो. कंपनीच्या तक्त्यातल्या आडव्या-उभ्या रेघा बदलल्या. पाइपलाइन कंपनी भाडेकरू ठेवणारी झाली: ज्यानं जेवढी जागा आरक्षित केली तेवढं ठरलेलं भाडं, गॅस वाहो न वाहो. ज्याला जागा नको असेल त्यानं ती दुसऱ्याला विकायची, त्याचाही रीतसर बाजार झाला. गॅस विकणारी माणसं वेगळ्या कंपनीत गेली. वाहतूक खात्याला कळलेली गोष्ट त्या विक्री कंपनीला आधी सांगायची नाही, असे नियम १९८८ पासूनच लागू होते. आणि शहरातली वितरण कंपनी, जी आधी एकाच पाइपलाइनकडून निमूट घ्यायची, तिला गॅस खरेदीचं स्वतंत्र खातं उभारावं लागलं. काही गॅस वर्षाच्या करारावर, काही महिन्याच्या, काही रोजच्या बाजारातून, थोडा उन्हाळ्यात भरून ठेवलेला. न्यूयॉर्कच्या बाजारात एप्रिल १९९० पासून लुईझियानातल्या हेन्री हबच्या भावावर वायदे सुरू झाले होते, म्हणून भाव बांधून घ्यायची सोयही होती.

उरलेलं उद्या लिहितो, डोळे दुखतात.

---

बजाजनगर_८८

जमाखर्च काका, छान लिहिलंत. पण एक आठवण करून देतो. पाइपलाइन कंपनीतून व्यापारी कंपनी होण्याचा हा प्रवास एन्रॉननंही केला. १९८५ साली दोन पाइपलाइन कंपन्या एकत्र येऊन ती जन्मली. खुल्या बाजारात तिनं पाइपापेक्षा सौद्यांवर भर दिला आणि डिसेंबर २००१ ला दिवाळखोरीत गेली. तिच्या दाभोळ प्रकल्पातल्या विजेचं ओझं आपल्या एमएसईबीनं सोसलं, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. तिथलाही करार म्हणजे वीज घ्या न घ्या, पैसे द्या.

म्हणून मला वाटतं, नागपूरसारख्या नव्या शहरात एवढ्यात सगळं खुलं करू नये. मुंबईहून समृद्धी महामार्गाला धरून नागपूर आणि पुढे झारसुगुड्याकडे जाणारी गेल या सरकारी गॅस कंपनीची पाइपलाइन, शहरातलं जाळं, हे सगळं उभं करायला पैसा लागतो. पहिल्या दिवसापासून “कोणीही या आणि गॅस विका” म्हटलं तर रस्ते कोण खणेल? काही वर्षं एकाला हक्क द्या, मग उघडा.

---

सीएनजी_कामठी_रोड

एक अनुभव. २०२२ साली नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांच्या घरात गेला होता. देशात सगळ्यात महाग म्हणून बातम्या आल्या. तेव्हा पाइप नव्हता, टँकरनं द्रवरूप गॅस आणून त्याचा सीएनजी करत होते. माझ्या भावानं त्याच वर्षी व्हॅनला किट बसवलं होतं, सहा महिन्यांत परत पेट्रोलवर आला. आमच्याकरता आधी पाइप यावा, विकणारे कितीही असोत.

---

अटलांटातला_नागपूरकर

बजाजनगर भाऊ, मी धरमपेठचा, १९९८ पासून जॉर्जियात आहे. वितरण कंपनीनं गॅस विकणंच सोडून दिलं तर घरी काय होतं, ते मी भोगलं आहे, म्हणून लिहितो.

१९९७ साली या राज्यानं कायदा केला. अटलांटा गॅस लाइट ही शंभर वर्षांहून जुनी कंपनी, तिनं स्वतःहून फक्त पाइपवाली व्हायचं ठरवलं. गॅस विकायला वेगवेगळे विक्रेते आले, त्यांना इथं मार्केटर म्हणतात. प्रत्येक घरानं आपला विक्रेता निवडायचा. ज्यांनी ऑगस्ट १९९९ पर्यंत निवडला नाही, त्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून दिलं. आमच्या शेजारच्या आजींना आपला विक्रेता कोण हे पहिलं बिल आल्यावर कळलं.

पाइपवाल्या कंपनीची कमाई गॅसच्या खपावर राहिली नाही. वर्षातल्या सर्वात थंड दिवशी तुमच्या घराला किती गॅस लागेल याचा अंदाज काढून त्यावर ठरावीक आकार. तो आकार विक्रेत्याच्या बिलातून यायचा. लोकांना समजेना की उन्हाळ्यात शेगडीसुद्धा फारशी पेटवली नाही, तर हा आकार कशाचा? मी माझ्या विक्रेत्याला, नाव घेत नाही, चार वेळा फोन केला. चारही वेळा त्यांनी पाइपवाल्याकडे बोट दाखवलं. पाइपवाले म्हणायचे, बिल आम्ही काढत नाही. दोन महिने बिलच आलं नाही, मग तीन महिन्यांचं एकदम. २०००-०१ च्या हिवाळ्यात घाऊक भाव चढले आणि ओळखीच्या कितीतरी घरांची जोडणी तुटायची वेळ आली. काही विक्रेते त्याआधीच बुडाले होते.

२००२ साली राज्याला दुसरा कायदा करावा लागला. बिलांचे नियम आले, आणि ज्याला कोणीच विक्रेता घेत नाही त्याच्यासाठी सरकारी देखरेखीखालचा एक विक्रेता नेमला. तेव्हापासून बरं चाललंय. मी दोनदा विक्रेता बदलला, पैसेही वाचले. पण ती मधली तीन-चार वर्षं गरिबांना फार जड गेली. वेगळं करायच्या आधीच “याला कोणी घेतलं नाही तर काय” हे ठरवायला हवं होतं.

---

कोराडीचे_काका

हे आपल्याकडेही झालं म्हणा, वेगळ्या रूपात. महाल, गांधीबाग, सिव्हिल लाइन्स हे विभाग २०११ ला फ्रँचायझीकडे गेले. तारा महावितरणच्या, बिल आणि दुरुस्ती दुसऱ्याकडे. २०१९ ला ते परत महावितरणकडे आले. आमच्या वाड्यातले लोक तेव्हा विचारायचे, तार तुटली तर कोणाला सांगायचं? तार आणि बिल यांचे मालक वेगळे झाले की गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच पडतो.

---

जमाखर्च

अटलांटावाल्या भाऊंचं पोस्ट वाचून थांबलो होतो. मी कागदावर पाहिलेलं त्यांनी घरात सोसलं.

आता ब्रिटनचं सांगतो, कारण भट्टीवाले भाऊंच्या प्रश्नाला तेच सर्वात जवळचं आहे. डिसेंबर १९८६ ला ब्रिटिश गॅस खासगी झाली ती अखंड: पाइप, विक्री, साठवण सगळं एका हाती. पुढं स्पर्धा आली, पण कंपनीच्या मानेवर उत्तर समुद्रातल्या गॅसचे जुने महाग ‘टेक ऑर पे’ करार होते. १९९७ साली तिनं स्वतःचे दोन भाग केले. पाइप मूळ कंपनीकडे राहिले, तिचं नाव बीजी झालं. विक्रीचा धंदा सेंट्रिका या नव्या कंपनीकडे गेला, त्याबरोबर ते जुने करारही गेले. पण एकटं ओझं दिलं तर ती उभीच राहणार नाही, म्हणून मोरकॅम्बे समुद्रातलं चांगलं उत्पन्न देणारं गॅसक्षेत्रही तिलाच दिलं. काका म्हणाले ना, सावकाराचं देणं. इथं देणेकऱ्याला एक चांगलं वावरही दिलं, म्हणून वाटणी टिकली. पाइपवाला भाग २००० साली पुन्हा वेगळा निघाला आणि २००२ ला नॅशनल ग्रिडमध्ये मिसळला.

उलट बाजूही सांगायला हवी. तिथं पुढे कितीतरी छोटे विक्रेते आले, ज्यांच्याकडे ना विहीर, ना साठा, ना लांबचा करार. २०२१ ला घाऊक भाव भडकले तेव्हा दोन डझनांवर विक्रेते बुडाले. त्यातल्या बल्ब नावाच्या कंपनीकडे पंधरा लाखांवर गिऱ्हाइकं होती. तिला सरकारलाच सांभाळावं लागलं.

भारतातलं: गेल १९८४ साली स्थापन झाली ती पाइप आणि गॅस दोन्ही घेऊन, आजही तशीच आहे. तोडायची चर्चा कितीदा झाली. पण २००६ च्या कायद्यानं पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आलं. मोठ्या पाइपलाइनवर वाहतुकीचा हिशेब वेगळा ठेवायचा, आपल्याच विक्री विभागाला झुकतं माप द्यायचं नाही, आणि स्वतःच्या व करारातल्या क्षमतेवर आणखी काही क्षमता इतरांसाठी ठेवायची, असे नियम झाले. २०२० ला इंडियन गॅस एक्स्चेंज सुरू झालं. एप्रिल २०२३ पासून जोडलेल्या पाइपलाइनांचं भाडं एकत्र करून अंतराचे पट्टे केले, सुरुवातीला तीन: ३०० किलोमीटरपर्यंत, १२०० पर्यंत, त्यापुढे. किनाऱ्यापासून लांब असलेल्या आपल्यासारख्यांना त्याचा फायदा, कारण प्रत्येक पाइपलाइनचं वेगळं भाडं एकावर एक चढत नाही.

शहरातलं जाळं मात्र वेगळं. परवानाधारकाला जाळं टाकण्याचा हक्क २५ वर्षं. परवाने वाटपाच्या अलीकडच्या फेऱ्यांत गॅस विकण्याचा एकट्याचा हक्क आठ वर्षं, काम चांगलं असेल तर थोडा वाढतो. दिवसाला ५०,००० घनमीटरपर्यंतचं गिऱ्हाईक त्याच्याकडेच. म्हणजे भाऊ, ६०० घनमीटरवाल्या तुम्हाला आज दुसरा विक्रेता नाही. पण “पाइप आमचा आहे” हे उत्तर कायमचं नाही, मुदतीचं आहे. तुमचा करार त्या मुदतीच्या पलीकडे जात नाही ना, हे पाहा.

आणि ९० टक्के कुठून आले? त्या कंपनीनं वरच्या पुरवठादाराला तसाच शब्द दिला असेल. ती तो धोका तुमच्याकडे सरकवते आहे. यात गैर काही नाही, पण तो शब्द हलतो हेही लक्षात ठेवा. द्रवरूप गॅस आयात करणाऱ्या पेट्रोनेटचा कतारच्या रासगॅसशी १९९९ चा दीर्घ करार होता. २०१५ साली बाजारभाव कोसळला, पेट्रोनेटनं कमी उचलला, आणि वर्षअखेरीस भावाचं सूत्रच बदललं. न उचललेल्या गॅसचा सुमारे १२,००० कोटींचा दंडही माफ झाला. एवढ्या मोठ्यांचा करार फिरवून लिहिता येतो, तर हिंगण्यातला का नाही?

---

बजाजनगर_८८

मान्य. आठ वर्षांची मुदत मला नेमकी माहीत नव्हती. मी जे म्हणत होतो तेच नियमात आहे म्हणायचं: आधी हक्क, मग उघडणं. मग माझं मत थोडं बदलतो. मुदत संपायच्या आधी शहरातल्या पाइपाचं भाडं सुटं सांगायला लावलं पाहिजे. भाडं किती तेच माहीत नसेल तर नवव्या वर्षी दुसरा विक्रेता येणार कसा?

---

जमाखर्च

अगदी बरोबर. आणि शहरी जाळ्याचा दर मंडळानं ठरवावा का, यावर दिल्लीत गॅस पुरवणाऱ्या इंद्रप्रस्थ गॅसचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१५ च्या निकालात मंडळाला तो अधिकार नाही असं ठरलं. म्हणून आतापासून मागणी करायला हवी.

---

भट्टीवाला_हिंगणा

मंडळी, तुमचं सगळं छापून काढलं आणि त्या अधिकाऱ्यासमोर ठेवलं. आधी तो गप्प होता. मग म्हणाला, वर विचारतो.

काल मसुदा परत आला. पहिले सहा महिने किमान उचल ७० टक्के, नंतर ८०. महिन्याऐवजी हिशेब तिमाहीचा, म्हणजे दिवाळीची सुट्टी त्यात जिरेल. पैसे भरून न उचललेला गॅस पुढच्या वर्षभरात उचलायची मुभा, त्याला ते मेकअप गॅस म्हणतात. वार्षिक देखभालीचे दहा दिवस वगळले. कराराची मुदत पाच वर्षं केली, म्हणजे त्यांच्या हक्काच्या आतच. पाइपाचं भाडं बिलात वेगळं दाखवा म्हटलं, त्याला मात्र ठाम नकार.

मी एलपीजीची टाकी काढणार नाही. २०२२ ला गॅस महागला तेव्हा मोरबीचे टाइल्सवाले प्रोपेनवर गेले होते, ते ज्यांच्याकडे दुसरी सोय होती म्हणूनच.

भाड्याच्या मागणीसाठी हिंगणा आणि बुटीबोरीचे आम्ही अकरा युनिटवाले येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता भेटतोय. ज्यांच्याकडे मसुदे आले आहेत त्यांनी प्रती आणा, कोणत्या कलमात कोणाला काय मिळालं ते शेजारी ठेवून पाहू. जमाखर्च काका, तुम्ही याल का? मी त्रिमूर्तीनगरहून तुम्हाला गाडीनं घेऊन येतो.

---

जमाखर्च

येतो. चष्मा आणि कॅल्क्युलेटर दोन्ही घेऊन येतो. साडेचारला तयार असेन.